वारा दोनच्या आत

पहाटे साडेचार. बालेवाडीच्या क्रीडासंकुलातल्या पंचांच्या खोलीत गजर वाजतो, तेव्हा आमचे स्टार्टर दाढी करून तयार असतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पिस्तुलाची पेटी ते रात्री उशाशी घेऊन झोपतात आणि यावर कुणी हसलं तर त्यांना चालत नाही. राष्ट्रीय पातळीच्या ॲथलेटिक्स स्पर्धेला जमलेले पंच म्हणजे बहुतेक शाळा-कॉलेजातले क्रीडाशिक्षक. बाकीचे रेल्वेतले, पोलिसातले, रजा टाकून आलेले. मानधनावर कुणाचं घर चालत नाही. मे महिना असतो, आशियाई स्पर्धा तोंडावर असते, आणि मैदानावरच्या प्रत्येक खेळाडूच्या डोक्यात एकच आकडा फिरत असतो: पात्रतेचा.

सव्वापाच. माझ्याकडे विंड गेज. सरळ पट्ट्यात अंतिम रेषेच्या 50 मीटर अलीकडे, पहिल्या लेनच्या बाजूला, ट्रॅकपासून दोन मीटरच्या आत, जमिनीपासून 1.22 मीटर उंचीवर ते उभं करायचं. आदल्या संध्याकाळी नीट लावलेलं असलं तरी सकाळी टेप काढून पुन्हा मोजायचं, कारण रात्री पाण्याची नळी ओढताना माळी तिपाई सरकवतो आणि सांगत नाही. वारा नेमका पाठीमागून किती लोटतो एवढंच या यंत्राला कळलं पाहिजे. आडवा वारा कितीही असो, तो हिशेबात नाही.

तिकडे अंतिम रेषेवर फोटो फिनिशवाल्यांची ‘झिरो टेस्ट’ चालू असते. अण्णा पिस्तूल घेऊन थेट कॅमेऱ्याच्या नजरेसमोर उभे राहतात आणि बार काढतात. बाराचा उजेड कॅमेऱ्यात उमटतो त्या क्षणी घड्याळ शून्यावर असायला हवं, फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा. प्रत्येक सत्राआधी ही चाचणी होते. ती टाळली तर त्या सत्रातल्या वेळांवर कुणीही बोट ठेवू शकतं.

साडेसहा ते साडेनऊ हीट्स. यात सांगण्यासारखं फार नाही. नावं पुकारली जातात, बार होतो, धावतात, पुढची हीट. एक मुलगा 100 मीटरमध्ये बाराआधीच सुटला आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. बारानंतर 0.100 सेकंदाच्या आत ब्लॉकवर हालचाल दिसली तर ती फॉल्स स्टार्ट धरतात. माणूस त्याहून लवकर आवाज ऐकून हलू शकत नाही असं गृहीत आहे. वर्षभर सराव केलेला पोरगा शर्यत सुरू होण्याआधीच बॅग उचलतो, तेव्हा त्याच्याकडे कुणी पाहत नाही. तेच बरं.

महिलांच्या 100 मीटर अडथळ्यांच्या हीटमध्ये एका मुलीने सुरुवात फार छान केली. आठव्या अडथळ्यानंतर मात्र तिने वेग सोडला, शेजारी पाहिलं आणि आरामात पहिली आली. वारा उणे 0.3. मी नोंद केली आणि विसरलो.

दहा वाजता पोहे-चहा, मग ऊन चढेपर्यंत साहित्य तपासणी. पुरुषांचा भाला 800 ग्रॅमपेक्षा हलका नको, लांबी 2.60 ते 2.70 मीटर. गोळा 7.26 किलो. खेळाडू स्वतःचं साहित्य घेऊन येतात, आम्ही वजन करतो, खूण करतो, आणि स्पर्धा संपेपर्यंत ते आमच्या ताब्यात.

दुपारी एक. जेवणाचा हॉल म्हणजे आमचं खरं संसद भवन. ताटात आमटी-भात आणि दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर जागतिक रँकिंगची यादी. ऑलिंपिकसाठी ॲथलेटिक्समध्ये दोन वाटा आहेत. एक, ठरवून दिलेली वेळ किंवा अंतर गाठायचं. दोन, रँकिंगच्या गुणांवर उरलेल्या जागांत बसायचं. हे गुण नुसत्या कामगिरीचे नसतात, स्पर्धेच्या दर्जाचे आणि मिळालेल्या क्रमांकाचेही असतात; म्हणून राष्ट्रीय स्पर्धेतलं सुवर्ण कधी कधी परदेशातल्या एखाद्या चांगल्या वेळेपेक्षा उपयोगी ठरतं.

नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावच्या सर्वेश कुशारेचं उदाहरण इथे हटकून निघतं. पॅरिससाठी उंच उडीचा निकष 2.33 मीटर होता. सर्वेश तिथपर्यंत पोचला नव्हता. पात्रतेची मुदत 30 जून 2024 ला संपत होती, आणि त्याच आठवड्यात पंचकुल्याच्या आंतरराज्य स्पर्धेत त्याने 2.25 मीटरची उडी मारून सुवर्ण घेतलं. रँकिंगवर तो पॅरिसला गेला. पुढच्याच वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत 2.28 मीटर उडी मारून सहावा आला. जागतिक स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय.

कुणीतरी प्रवीण चित्रवेलचं नाव काढतं. तिहेरी उडीत 17.37 मीटर. पॅरिसचा निकष 17.22. म्हणजे झालाच की पात्र? नाही. उडी 2023 च्या मे महिन्यात हवानाला झाली आणि मुदत सुरू झाली 1 जुलै 2023 ला. पठ्ठ्याला पुन्हा रँकिंगच्या दारातून जावं लागलं. याउलट लांब उडीतला श्रीशंकर 2023 च्या जुलैमध्ये बँकॉकला 8.37 मीटर उडी मारून वेळेत पात्र ठरला, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये गुडघा दुखावून घरी बसला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून तरुण पोरांना सांगताना प्रशिक्षकांचा आवाज जरा खाली येतो.

आशियाई स्पर्धेचं गणित आणखी वेगळं. तिथे एका प्रकारात एका देशाचे दोनच खेळाडू, आणि निकष आपलाच महासंघ ठरवतो. तिसरा कितीही चांगला असो, तो टीव्हीवर बघतो.

साडेतीनला पुन्हा मैदान, पुन्हा टेप, पुन्हा अण्णांचा बार. पुण्याचा मे महिन्यातला संध्याकाळचा वारा आता सुटलेला असतो आणि त्याचा भरवसा नाही. विंड गेजचा आकडा बघत बसलं की तो 0.8, 1.5, 2.6, 1.1 असा उड्या मारत राहतो.

पाच वाजून वीस मिनिटांनी अडथळ्यांच्या अंतिम फेरीतल्या मुली कॉल रूममध्ये. चेस्ट नंबर, स्पाइक्सच्या खिळ्यांची लांबी, बुटाच्या तळव्याची जाडी, सगळं बघून झालं. मोबाइल आत चालत नाही. ट्रॅकवर दहा अडथळे, उंची 83.8 सेंटीमीटर, पहिला 13 मीटरवर, पुढचे साडेआठ-साडेआठ मीटरवर. एका पंचाने प्रत्येक अडथळ्याची वजनं हाताने चाचपली.

पावणेसहा. बार झाला. 100 मीटरला वारा 10 सेकंद मोजतात, अडथळ्यांना बारापासून 13 सेकंद. सकाळचीच मुलगी. या वेळी तिने शेजारी पाहिलं नाही. दहावा अडथळा तिने इतका चिकटून घेतला की मागच्या पायाचा स्पाइक लाकडाला लागल्याचा आवाज मला माझ्या जागेवर आला. फलकावर वेळ लागली आणि प्रेक्षागृहात तिची टोळी नाचायला लागली. निकषाच्या आत!

माझ्या यंत्रावर होतं 2.04.

नियम असा की शंभरावा भाग शून्य नसेल तर आकडा वरच्या दशांशावर न्यायचा. 2.04 म्हणजे 2.1. आणि मर्यादा 2.0 ची. मी कागदावर लिहिलं, शेजारच्या पंचाने वाचून सही केली, आकडा फलकावर गेला. नाच थांबला.

तिचे प्रशिक्षक जाळीपाशी आले. ‘सर, दोन होत नाही का हो?’

‘नाही होत. दोन पॉइंट शून्य चार आहे.’

त्यांनी वाद घातला नाही. जुने आहेत, त्यांना माहीत आहे. मग ती स्वतः आली, बूट हातात घेऊन. ‘सर, सुवर्ण राहील ना?’ ते राहतंच. वाऱ्यामुळे क्रमांक बदलत नाही. रँकिंगमध्येही ही वेळ धरतात, वाऱ्यापोटी गुण कापून. पात्रतेच्या निकषाला आणि विक्रमाला मात्र नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘आणि सकाळी वारा किती होता?’ मी वही उलटून सांगितलं, उणे 0.3. ती हसली. ‘सकाळी मी शेवटचे दोन अडथळे सोडले होते, सर.’

या प्रकाराचं नशीबच असं आहे की काय कोण जाणे. ज्योती याराजी 2020 मध्ये मूडबिद्रीला 13.03 सेकंदांत धावली. उत्तेजक चाचणी झाली नव्हती म्हणून राष्ट्रीय विक्रम धरला नाही. 2022 च्या एप्रिलमध्ये कोळिकोडला 13.09, वारा 2.1, गेला. शेवटी 10 मे 2022 ला सायप्रसमधल्या लिमासोलला 13.23 धावून तिने अनुराधा बिस्वालचा 2002 पासूनचा 13.38 चा विक्रम कागदोपत्री मोडला. त्याहून वेगाने ती आधीच दोनदा धावली होती. पुढे पॅरिसचा निकष 12.77 होता आणि 2024 च्या मे महिन्यात फिनलंडमध्ये ती 12.78 धावली. शंभराव्या भागाने चुकलं. त्या वेगात शंभरावा भाग म्हणजे सुमारे आठ सेंटीमीटर. तीही रँकिंगवरच गेली, आणि ऑलिंपिकमध्ये या शर्यतीत धावणारी पहिली भारतीय महिला झाली.

सात वाजता फोटो फिनिशच्या खोलीत गेलो, तर पुरुषांच्या 200 मीटरच्या दोन खेळाडूंवर खल चालू होता. पडद्यावर चित्र मोठं करून उभी रेषा धडावर आणतात. डोकं, मान, हात, पाय यांना मोजत नाहीत, फक्त धड. वेळ हजाराव्या भागापर्यंत वाचायची आणि शंभराव्यावर आणताना वरच्या बाजूला न्यायची. खेळाडूच्या बाजूने इथेही काही झुकत नाही.

साडेआठला निकालपत्रकांवर सह्या. प्रत्येक शर्यतीसमोर वाऱ्याचा रकाना भरलेला आहे ना, हे मी दोनदा बघतो. इथून हे कागद महासंघाकडे आणि पुढे जागतिक संघटनेच्या नोंदीत जातात. रकाना मोकळा राहिला तर शर्यत झाली, वेळ झाली, पण पात्रतेसाठी काही झालं नाही.

इथे मला राग येतो तो वाऱ्याचा नाही. आपल्याकडे जिल्ह्याच्या कितीतरी स्पर्धा अजून हातातल्या घड्याळावर होतात, विंड गेज नसतंच. छोट्या अंतरांत हातघड्याळाची वेळ पात्रतेला चालत नाही. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असल्यापासून किती वेगाने धावते हे तिच्या प्रशिक्षकालाही नक्की ठाऊक नसतं, आणि राष्ट्रीय स्पर्धेत आल्यावर 2.1 म्हणजे काय हे तिला जाळीपाशी उभं राहून शिकावं लागतं. पाहुण्यांच्या व्यासपीठाला, हारतुऱ्यांना, ध्वनिक्षेपकाला पैसे असतात. हे मी अनेक मैदानांवर पाहिलं आहे.

तेव्हा जिल्हा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: पुढच्या स्पर्धेच्या खर्चाची यादी कराल तेव्हा मंडपाच्या आधी विंड गेज आणि फोटो फिनिशचं भाडं लिहा. आणि तुमच्या शाळेत एखादा तरुण क्रीडाशिक्षक असेल तर त्याला या वर्षी पंचांच्या परीक्षेला बसवा. अण्णा पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत.