वाटा कोणत्या, पळवाटा कोणत्या?

मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी बसून मी नायजेरियाच्या नाटककाराबद्दल बोलू लागलो, की मित्र हसतात. वोले सोयिंकाला 1986 साली साहित्याचे नोबेल मिळाले; आफ्रिकेतला तो पहिलाच मानकरी. पण मला तो आवडतो तो 1960 सालच्या एका नाटकामुळे. देश स्वतंत्र होत होता, जिकडेतिकडे जल्लोष होता. त्या मुहूर्तावर त्याने 'अ डान्स ऑफ द फॉरेस्ट्स' हे नाटक दिले. त्यात लोक थोर पूर्वजांना बोलावतात आणि प्रत्यक्षात येतात ते अन्याय सोसून मेलेले जीव! आपल्याच माणसांना ऐन सणाच्या दिवशी कडू घोट पाजायला छाती लागते.

अशी छाती पाहायला आपल्याला लागोसला जायला नको. नांदेड जिल्ह्याच्या दत्ता भगतांचे 'वाटा पळवाटा' घ्या. विद्यापीठाच्या नामांतरावरून 1978 साली मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला जानेवारी 1994 उजाडला. या मधल्या धगीत हे नाटक आले. एखादा सवर्ण खलनायक उभा करून टाळ्या घेणे तेव्हा किती सोपे होते! भगतांनी निवडले एका दलित प्राध्यापकाचे घर.

घर सतीशचे. त्याची पत्नी हेमा ब्राह्मण. बाबासाहेबांच्या काळातले काका आणि रक्त तापलेला तरुण अर्जुन यांची तिथे जुंपते. नाव तिघेही बाबासाहेबांचेच घेतात. काकांकडे आठवणी आहेत, सतीशकडे तर्क आणि अर्जुनकडे संताप. एकाची वाट दुसऱ्याला पळवाट वाटते, यातच नाटकाचे सगळे दुखणे आहे.

बँकेतल्या नोकरीत मी पळवाटा पुष्कळ पाहिल्या. 'कागद अपुरे आहेत', 'वरून आदेश नाहीत' असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. तो फक्त दार लावून घेत असतो. म्हशीसाठी कर्ज मागायला आलेला भूमिहीन दाराबाहेरच राहतो. म्हणून हे नाटक मला एका समाजापुरते वाटत नाही.

2001 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने भारतीय नाटकांच्या संग्रहात त्याचा इंग्रजी अनुवाद छापला. एखाद्या रविवारी जेवणे आटोपल्यावर ते घरात मोठ्याने वाचून पाहा. मात्र काकांचे संवाद नातवाला द्या आणि अर्जुनचे आजोबांना.