दोन कर्जत, एक रेखावृत्त

कर्जतच्या माणसाला बाहेरगावी गेल्यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘कोणतं कर्जत? लोकलचं का?’ लोकलचं ते रायगड जिल्ह्यातलं, भोरघाटाच्या पायथ्याचं, भाताचं आणि धो धो पावसाचं. आमचं अहिल्यानगर जिल्ह्यातलं. भीमा आणि सीना यांच्या मधल्या माळावरचं, ज्वारीचं, काळविटांचं, टँकरचं. पाहुण्यांची पत्रं चुकून तिकडे जातात, नोकरीच्या बदलीचे आदेश वाचताना घरच्यांच्या छातीत धस्स होतं. दोन्ही गावांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण १८० किलोमीटर आहे. हा आकडा मी आयुष्यभर नुसता ऐकत आलो. त्यात काही अर्थ दडलेला असेल असं तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत, तालुक्यातलाच एक मुलगा माझ्याकडे आला. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होता. मी कुठल्या महाविद्यालयात शिकवत नाही. माझ्याकडे पदवी आहे तीही भलत्याच विषयाची. पण मोजणीची जुनी टिपणं, नकाशे आणि भूगणित यांचं वेड मला तीसएक वर्षांपासून आहे, आणि हे तालुक्यात थोड्याफार लोकांना ठाऊक आहे. त्यामुळे दरवर्षी एखाददुसरं पोरगं वाट वाकडी करून येतं.

त्याचा प्रकल्प साधा होता. गावच्या रस्त्यावर दोन खुणा पक्क्या करायच्या, त्यांच्यामधलं अंतर आधी टोटल स्टेशननं आणि मग उपग्रहावर चालणाऱ्या रोव्हरनं मोजायचं, आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचं. अंतर होतं १२०० मीटर. रोव्हरनं दिलेल्या सहनिर्देशकांवरून काढलेलं अंतर त्याला दरवेळी ५७ सेंटिमीटर कमी येत होतं. सकाळी मोजलं, दुपारी मोजलं, यंत्र बदललं, तरी ५७. त्याच्याच वर्गातल्या मित्रानं असाच प्रकल्प घेतला होता, लोकलच्या कर्जतजवळ. त्याचा फरक जेमतेम दोन सेंटिमीटर. मार्गदर्शकांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून निकाल दिला की तुझं काम चुकलंय, आकडे नीट करून आण. ‘नीट करून’ याचा अर्थ मुलानं बरोबर ओळखला होता. तो माझ्याकडे विचारायला आला होता ते एवढंच, की ५७चे ५ केले तर कुणाला कळेल का?

मी त्याला फील्डबुक मागितलं. ते पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, आणि चार ठिकाणी खोडरबर फिरलेलं. त्या दिवशी आम्ही गणित केलंच नाही. फील्डबुक पेननं लिहायचं, चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची आणि खालचा आकडा वाचता आला पाहिजे, एवढंच बोललो. मनातून मलाही त्याचंच चुकलंय असं वाटत होतं, हे इथे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी अंगणात काठी रोवली. मला मुलांना सावली दाखवायला आवडते. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताचं, म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. एका अंशाला चार मिनिटं. आमच्या कर्जतचं रेखांश ७५ अंश. म्हणजे ग्रीनिचपासून बरोबर पाच तास आणि घड्याळापेक्षा अर्धा तास मागे. सूर्य डोक्यावरून जाणार तो सरासरीनं साडेबाराला. त्यातही नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सरासरी वेळेच्या सुमारे सोळा मिनिटं पुढे असतो, त्यामुळे दिवाळीच्या दिवसांत काठीची सावली नेमकी उत्तरेला येते ती बारा वाजून चौदा मिनिटांच्या सुमारास. आमच्या जुन्या पंचांगकर्त्यांचं मध्य रेखावृत्त उज्जैनचं, ते इथून पाऊण अंश पूर्वेला. पण ७५ अंशांचं हे रेखावृत्त आमच्या तालुक्यातून, गावाला अगदी खेटून जातं. मुलगा सावलीकडे बघत सहज म्हणाला, ‘सर, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पण पंचाहत्तर येतं. मध्य रेखावृत्त.’

तिथे माझी ट्यूब पेटली.

पृथ्वी गोल आणि कागद सपाट, हे भांडण जुनं आहे. गोलावरचं चित्र कागदावर आणायचं तर कुठेतरी ताणावं लागतं, कुठेतरी चेपावं लागतं. आज जगभर जी पद्धत सर्वांत जास्त वापरतात, आणि आपल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे २००५च्या नकाशा धोरणानंतरचे खुले नकाशे जिच्यावर बेतलेत, तिला यूटीएम म्हणतात. तिच्यात पृथ्वीचे कलिंगडाच्या फोडींसारखे साठ उभे पट्टे करतात, प्रत्येक सहा अंशांचा. ७२ ते ७८ अंश हा त्रेचाळिसावा पट्टा. मुंबईसमोरच्या अरबी समुद्रात तो सुरू होतो आणि विदर्भात संपतो. नागपूर, वर्धा पुढच्या पट्ट्यात. त्रेचाळिसाव्या पट्ट्याचा कणा म्हणजे ७५ अंश. आमचं कर्जत त्या कण्यावर बसलेलं आहे.

आता एखादी फोड सपाट करायची तर कण्याजवळ ती आपोआप बरोबर बसते आणि कडेला ताणली जाते. आपल्या अक्षांशावर कडेचा ताण किलोमीटरमागे सव्वा मीटरच्या आसपास जातो. हा सगळा बोजा कडेच्या लोकांवरच का, म्हणून पद्धत बांधणाऱ्यांनी एक तडजोड केली. अख्खा पट्टाच थोडा आकसवला, ०.९९९६ने गुणून. त्यामुळे कडेची चूक सव्वा मीटरवरून ८० सेंटिमीटरच्या घरात आली. पण कण्यावर, जिथे मुळात काहीच चूक नव्हती, तिथे किलोमीटरमागे ४० सेंटिमीटरची तूट आली. मग कण्यापासून दूर जावं तशी तूट कमी होत जाते आणि एका ठिकाणी शून्य होते. त्याच्या पलीकडे वाढ सुरू. शून्याचं ते अंतर कण्यापासून १८० किलोमीटर.

हा आकडा वहीत उतरला तेव्हा आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. लोकलचं कर्जत आमच्या पश्चिमेला जवळपास तेवढंच दूर आहे. हिशेब केला तर तिथली तूट किलोमीटरमागे दोन सेंटिमीटरांहूनही कमी. मित्राचं काम चोख होतं. आणि याचंही चोख होतं.

पण ४० सेंटिमीटरच्या हिशेबानं १२०० मीटरला ४८ येतात, ५७ नाही. उरलेले नऊ कुठून आले? इथे उंची येते. यूटीएमचं गणित जमिनीवर होत नाही. ते पृथ्वीच्या एका काल्पनिक, गुळगुळीत, किंचित चपट्या गोलावर होतं. कर्जत समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. पण त्या काल्पनिक गोलापासून एवढं उंच नाही, कारण भारताच्या या भागात खरी समुद्रसपाटीच त्या गोलाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला ती शंभर मीटरहून जास्त खाली जाते. म्हणजे आम्ही गोलाच्या ४९० मीटर वर आहोत असं धरा. वरच्या मजल्याचा घेर खालच्यापेक्षा मोठा असतो, तसं वरचं अंतर गोलावर उतरवलं की लहान होतं. किलोमीटरमागे सात-आठ सेंटिमीटर. १२०० मीटरला नऊ.

४८ अधिक ९. खोडरबर फिरवायला काही उरलं नव्हतं.

आता वाचक म्हणतील, किलोमीटरमागे अर्धा मीटर, त्यात काय एवढं? रस्त्याच्या एका टप्प्यात फार काही नाही. कालव्याच्या दहा किलोमीटरमध्ये मात्र पावणेपाच मीटर, आणि कुकडीच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या तालुक्यात कालव्याचा मीटर हा हलका शब्द नाही. क्षेत्रफळात ही तूट दुप्पट होते, कारण लांबीही आकसते आणि रुंदीही. साधारण हजारात एक. पंचवीस एकरांचे हजार गुंठे. म्हणजे पंचवीस एकरांमागे जवळजवळ एक गुंठा कागदावरून नाहीसा होतो. जमिनीवरून नाही, फक्त कागदावरून.

हा गुंठा मला ओळखीचा होता. त्याबद्दल नंतर सांगतो.

गुंठ्याचं मूळही इथून लांब नाही. भीमेपलीकडच्या इंदापुरात १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ज्या मोजणीची घडी बसवली, तीच पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. त्याआधी प्रिंगल यांची मोजणी फसली होती. नव्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताचे त्रिकोण पाडायचे, साखळी टाकायची, काटकोन पाहायचा, टिपण लिहायचं. ही सगळी मोजणी मातीवरची, माणसाच्या पावलाखालची. तिला पृथ्वीच्या आकाराशी कर्तव्य नव्हतं.

पृथ्वीच्या आकाराचं काम दुसरीच माणसं करत होती. विल्यम लॅम्ब्टननं १८०२मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि पुढे ७८ अंशांच्या आसपासच्या रेखावृत्तानं उत्तरेकडे त्रिकोणांची माळ चढवत नेली. जानेवारी १८२३मध्ये हिंगणघाटला तो वारला, त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टनं १८३०मध्ये पृथ्वीचा जो गोल काढला तो भारतातल्या नकाशांनी पावणेदोनशे वर्षं वापरला. त्या गोलाची विषुववृत्तीय त्रिज्या आजच्या उपग्रहांच्या गोलापेक्षा ८६१ मीटरनं कमी आहे, आणि जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश तसेच रोव्हरमध्ये घातले तर आमच्या भागात शंभर मीटरहून जास्त अंतरावर दुसऱ्याच कुणाच्या तरी रानात जाऊन उभं राहावं लागतं. हे दोन संसार, साखळीचा आणि ताऱ्यांचा, दीडशे वर्षं वेगवेगळे नांदले. रोव्हरनं त्यांचं लग्न लावून दिलंय, आणि कुंडली कुणी जुळवली नाही.

पुढल्या वर्षी हे सगळं मी पुण्यातल्या एका परिषदेत मांडलं. अर्जात ‘संस्था’ या रकान्यापुढे काय लिहायचं हा माझा नेहमीचा पेच. गावाचं नाव लिहिलं. मिळाली दहा मिनिटं, जेवणाआधीची. समोर मोजून अकरा लोक. मांडून झाल्यावर एका वयस्क प्राध्यापकांनी विचारलं, ‘यात नवीन काय? हे पाठ्यपुस्तकात आहे.’ खरंच आहे. प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. मी म्हटलं, ‘हो, पण पुस्तकात कर्जत नाही.’ लोक हसले. मला हसवायचं नव्हतं. सूत्र पाठ असलेला मार्गदर्शक आपल्या विद्यार्थ्याला आकडे बदलायला सांगतो, तेव्हा सूत्र आणि गाव यांच्यामध्ये काहीतरी तुटलेलं असतं, एवढंच मला म्हणायचं होतं. पण तोवर वेळ संपल्याची घंटा वाजली. मुलाचा प्रकल्प मात्र मंजूर झाला. ५७ हा आकडा तसाच ठेवून, शेजारी गणित लिहून.

आता तो गुंठा.

त्या मुलाच्या आधी दोन वर्षं, जवळच्याच एका गावातल्या पंचवीस एकरांच्या सलग रानाचा मालक माझ्याकडे आला होता. पूर्वी कधीतरी टोटल स्टेशननं मोजलेलं रान त्यानं नव्यानं खाजगी माणसाकडून रोव्हरनं मोजून घेतलं होतं. एक गुंठा कमी. ‘गुंठा गेला कुठं?’ रान साधारण चौकोनी, बाजू तीनशे अठरा मीटरची. मी तिथल्या तिथे भागाकार केला: एका बाजूचा बांध एक फूट आत आला तर बरोबर एवढंच क्षेत्र जातं. तसं बोलून गेलो. बांध कोरण्याची गोष्ट आमच्याकडे कुणाला दोनदा सांगावी लागत नाही. शेजाऱ्याशी बोलणं बंद झालं, पुढं लग्नाची पत्रिका गेली नाही, सामाईक विहिरीवरची पाळी मोडली.

मुलाचं गणित सुटल्याच्या आठवड्यात मी त्या गावी गेलो. आधी मालकाकडे, मग त्यालाच सोबत घेऊन शेजाऱ्याकडे. कागदावर फोड काढून दाखवली, कणा दाखवला. शेजारी सत्तरीचे. त्यांनी कागद हातात घेतला नाही. म्हणाले, ‘हे तुम्हाला तवा ठावं नव्हतं?’

‘नव्हतं.’

‘मग बोललात कशापाई?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनीच पोराला हाक मारून पोलादी टेप आणायला लावली. आम्ही चौघांनी बांधाच्या दगडापासून पलीकडच्या दगडापर्यंत टेप टाकली, दर तीस मीटरला खुंटी ठोकत, ताण सारखा ठेवत. दोन्ही टोकांना आणि मधे एकदा. तिन्ही मापं जुन्या मोजणीशी दोन-तीन बोटांच्या आत जुळली. बांध होता तिथेच होता. मालकानं टेप गुंडाळली, शेजाऱ्यांच्या पोरानं खुंट्या उपटल्या. विहिरीच्या पाळीचं कुणी काही बोललं नाही. चहा मात्र शेजाऱ्यांच्या ओसरीवर झाला.