घर सारखे, घराणे वेगळे

आमच्या सातवीच्या वर्गातील एका मुलीने सुट्टीनंतर कालवाची एक शिंपली आणली. शिंपलीवर खडूने गिरगटल्यासारख्या पांढऱ्या, वाकड्यातिकड्या, कडक नळ्या चिकटलेल्या होत्या. "सर, हे काय आहे?" आम्ही नळी नखाने टोकरून पाहिली. ती चुन्यासारखी लागली, म्हणून बेधडक सांगून टाकले, "गोगलगायीच्या जातीतला प्राणी आहे. हे त्याचे कवच."

मुलगी जागेवर बसली नाही. म्हणाली, "सर, मामूंनी होडीच्या बुडाचा असाच एक तुकडा खरवडून खाऱ्या पाण्याच्या बादलीत टाकला होता. थोड्या वेळाने नळ्यांतून बारीक बारीक पिसारे बाहेर आले. मी हात वर नेला की सगळे आत. गोगलगायीला पिसारा असतो का?"

वर्ग आमच्याकडे पाहू लागला. "उद्या सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. त्या रात्री पुस्तके काढून बसलो, तेव्हा कळले की मुलगी बरोबर होती आणि आम्ही चुकलो होतो. त्या चुकीतून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

नळीत राहणारा तो प्राणी गोगलगाय नव्हे. तो गांडुळाच्या संघातला, म्हणजे वलयांकित प्राण्यांपैकी आहे. वलयांकित म्हणजे ज्याचे शरीर बांगड्या एकापुढे एक मांडाव्यात तसे वलयांचे बनलेले असते. यांतील ज्या प्राण्यांच्या अंगावर पुष्कळ राठ केस असतात, त्यांना पॉलिकीट म्हणतात. त्यांच्या दहा हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत आणि बहुतेक सर्व समुद्रात राहतात. काही भटके असतात, तर काही नळी बांधून आयुष्यभर तिच्यातच राहतात. या दुसऱ्यांना आपण नळीकृमी म्हणू.

शिंपलीवरचा प्राणी सर्प्युलिड कुळातला होता. या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत. मानेजवळच्या ग्रंथींतून चुन्याचा लेप सोडून तो नळीच्या तोंडाशी भर घालत जातो. मुलीने पाहिलेला पिसारा म्हणजे त्याचे जेवणाचे आणि श्वासाचे साधन. पिसाऱ्यावरचे अतिसूक्ष्म केस हलत राहतात, त्याने पाणी ओढले जाते आणि त्यातले बारीक कण तोंडाकडे सरकतात. सावली पडली की प्राणी झटकन आत जातो. पिसाऱ्यातल्याच एका काडीचे बहुतेक जातींत बूच झालेले असते, ते तो दाराला लावून घेतो.

वर्गात हे सांगितल्यावर पोरांनी अपेक्षित प्रश्न विचारलाच: घराला दार एकच, मग घाण कुठे जाते? त्याचीही सोय आहे. शरीराच्या लांबीने एक खाच असते. त्या खाचेतून विष्ठा वरच्या तोंडाकडे सरकत नळीबाहेर टाकली जाते.

होडीच्या बुडावर हा येतो कसा? अंड्यातून निघालेले पिल्लू पाण्यात तरंगत असते. या कुळातील हायड्रॉइडिस एलिगन्स नावाची जात भारतासह जगभरच्या उष्ण बंदरांत आढळते. तिचे पिल्लू सुमारे पाच दिवसांत बसायला तयार होते आणि जिथे जिवाणूंचा बुळबुळीत थर साचलेला असतो तिथेच बसते. पाण्यातल्या होडीच्या तळावर तो थर लवकर धरतो. मग एकावर एक नळ्या चढतात, तळ खरखरीत होतो आणि तेवढेच अंतर कापायला डिझेल जास्त जळते. मामूंनी तळ खरवडला तो याचसाठी.

आता आमच्या चुकीविषयी. या चुकीत आम्ही एकटे नव्हतो. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणारे स्वीडनचे कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये अशा नळ्यांना सर्प्युला, म्हणजे छोटा साप, असे नाव दिले आणि त्यांना शंखशिंपल्यांच्या पंक्तीत बसवले. त्यांनी घर पाहिले, आम्हीही घरच पाहिले. गंमत अशी की खरोखरच काही गोगलगायी खडकाला चिकटलेली, अशीच वाकडी नळी बनवतात. पण गोगलगाय आपल्या कवचाला स्नायूने जोडलेली असते, तर नळीकृमी नळीला कुठेच जोडलेला नसतो. तो केसांनी आणि आकड्यांनी आतून धरून राहतो.

नळीकृमींची घरेही एका तऱ्हेची नाहीत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा एक कृमी वाळूचा कण कण निवडून डिंकासारख्या पदार्थाने चिकटवतो. हा डिंक समुद्राच्या पाण्यात, भिजलेल्या अवस्थेत, सुमारे अर्ध्या मिनिटात धरतो. तुटलेली हाडे जोडण्यासाठी तसाच डिंक बनवण्याचे प्रयत्न अमेरिकेतील युटा विद्यापीठात झाले आहेत. फ्रान्समधील माँ सें-मिशेलच्या उपसागरात अशाच वाळूच्या नळ्यांचे मोठमोठे बांध तयार झाले आहेत. कीटॉप्टेरस नावाचा कृमी चिखलात इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची, जाड कागदासारखी नळी करतो. आपल्या अंगच्या वल्ह्यांनी तो तिच्यातून पाणी खेळवतो, चिकट पिशवीत अन्न गाळतो आणि अंधारात निळा चमकतो.

मग घर बांधून राहणारे सगळे एका घराण्याचे मानायचे का? जुन्या अभ्यासकांनी जवळपास तसेच केले. पॉलिकीटांचे त्यांनी दोन गट पाडले: भटके आणि बैठे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही विभागणी बऱ्याच अभ्यासकांनी सोडून दिली, कारण राहणीवरून नाते ठरत नाही. पुढे जनुकांची तुलना करता येऊ लागली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासाने ही दोन नावे पुन्हा आणली, पण आतले सदस्य हलवून. डायोपाट्रा नावाचा कृमी शिंपल्यांचे तुकडे लावून नळी सजवतो. तो भारताच्या किनाऱ्यांवरही सापडतो. घरमालक असूनही त्याची जागा भटक्यांत आहे. निळा चमकणारा कीटॉप्टेरस दोन्ही गटांच्या बाहेर, फार आधी फुटलेल्या फांदीवर बसतो. आणि समुद्र कधी न पाहिलेले, आपल्या शेतातले गांडूळ बैठ्या गटात, नळीकृमींच्या भाऊबंदांत आले. आम्ही वर्षानुवर्षे गांडूळ आणि पॉलिकीट असे दोन वेगळे वर्ग फळ्यावर लिहून देत होतो.

सर्वांत मोठी उलथापालथ एका राक्षसी नळीकृमीने केली. १९७७ मध्ये ॲल्विन या पाणबुडीतून गेलेल्या शास्त्रज्ञांना गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे अडीच हजार मीटर खोल, गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती लाल तुऱ्याचे प्राणी दिसले. पुढे त्यांना रिफ्टिया असे नाव मिळाले. ते दीड-दोन मीटरपर्यंत वाढतात, पण प्रौढांना तोंड नाही आणि आतडेही नाही. मग ते खातात काय? अमेरिकेत मेरेडिथ जोन्स हे अभ्यासक एका व्याख्यानात या प्राण्याच्या शरीरात गंधकाचे स्फटिक सापडल्याचे सांगत होते. कॉलीन कॅव्हनॉ ही हार्वर्डची विद्यार्थिनी ऐकता ऐकता उठली आणि म्हणाली, याच्या शरीरात गंधकावर जगणारे जिवाणू असले पाहिजेत आणि तेच याला पोसत असतील. १९८१ मध्ये तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्याचे पुरावे प्रसिद्ध केले. या प्राण्यांसाठी शास्त्रज्ञांनी आधी स्वतंत्र संघ मानला होता. आज ते पॉलिकीटांमधले एक कूळ, सिबोग्लिनिडी, म्हणून ओळखले जातात. कूळ एक असले तरी आयुष्य एक नाही. रिफ्टियाची नळी वर्षाला ८५ सेंटिमीटरहून अधिक वाढू शकते, तर मेक्सिकोच्या आखातातला त्याचा एक नातलग अगदी सावकाश वाढत दोनशे वर्षांहून जास्त जगतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात पहिले वाक्य हेच बोललो, "काल आमचे चुकले." मुले क्षणभर गप्प झाली. मग हात वर येऊ लागले आणि तो तास संपता संपेना. घरात मुलांनी असा प्रश्न विचारला तर अम्मी-अब्बूंनीही उत्तराची घाई करू नये. किनाऱ्यावर गेलात तर असा एखादा तुकडा समुद्राच्याच पाण्यात ठेवा, सगळ्यांनी स्तब्ध बसून पाहा आणि मग तो होता तिथे परत ठेवा.

ती शिंपली आता शाळेच्या कपाटात आहे. तिच्यावरची चिठ्ठी त्या मुलीनेच लिहिली आहे, एका बाजूने मराठीत, एका बाजूने उर्दूत: "गोगलगाय नाही. गांडुळाचा नातलग."