हृदयाला रक्ताचा ताण पडतो तेव्हा

कपाशी पिकवणाऱ्याला 'आकस्मिक मर' समजावून सांगावी लागत नाही. पावसाने ओढ दिलेली असते, जमीन तापलेली असते, आणि एकाएकी जोराचा पाऊस होतो किंवा आपण भरपूर पाणी देतो. ज्या पाण्याची झाड वाट पाहत होते, ते मिळाल्यावरच ते मान टाकते. आपल्या हृदयाच्या बाबतीतही काहीसे असेच घडते.

हृदय हा स्नायूच आहे. त्याला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकली की पुढच्या भागाचा पुरवठा तुटतो. हाच हृदयविकाराचा झटका. स्नायू आवळतो तो ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांच्या धाग्यांमुळे. धाग्यांनी केव्हा आवळायचे, केव्हा सैल व्हायचे, यावर ट्रोपोनिन या प्रथिनाचा ताबा असतो; दारे धरणाऱ्या माणसाचा पाण्यावर असतो तसा.

प्राणवायू तुटला की पेशीत आम्ल साचते, तिची शक्ती संपते आणि आत नको तितके कॅल्शियम भरते. पेशी मेली की तिचे आवरण फुटून ट्रोपोनिन रक्तात उतरते. डॉक्टर रक्त तपासतात ते यासाठीच. मात्र ते रक्तात दिसायला काही तास लागतात. म्हणून पहिला तपास चांगला आला तरी पुन्हा रक्त घेतात. त्याला नाही म्हणू नये.

आता रक्त पुन्हा सुरू झाल्यावर काय होते? अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट जेनिंग्ज व सहकाऱ्यांनी १९६० साली कुत्र्यांवरील प्रयोगांत पाहिले, की रक्त परत सोडल्यावर स्नायूची इजा झपाट्याने उघड होते. प्राणवायू एकदम आला की पेशीत दाहक घटक तयार होतात, कॅल्शियमचा लोंढा येतो आणि प्रथिने कापणारी विकरे जागी होतात. प्रयोगशाळेतील उंदरांच्या हृदयात ट्रोपोनिनचेही तुकडे झालेले आढळले. जगलेला स्नायूही मग काही दिवस सुस्त राहतो आणि हळूहळू सावरतो. झटक्यानंतर डॉक्टर विश्रांती सांगतात, ती म्हणूनच पाळावी.

मग रक्त सुरू करण्याची घाई करू नये काय? असा अर्थ मुळीच घेऊ नका! १९७७ साली रायमर व जेनिंग्ज यांनी दाखवले, की नुकसान हृदयाच्या आतल्या थरापासून बाहेर सरकत जाते. ४० मिनिटांनी रक्त परत मिळाले तर बराच स्नायू वाचतो; ६ तासांनी फार थोडा. रक्त परतताना होणारी इजा उशिराच्या नुकसानीपुढे लहान आहे. पिकाला ताण जितका लांबला, तितके उत्पन्न गेले, हे आपण जाणतोच.

म्हणून छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप यांपैकी काही जाणवले तर 'पित्त झाले', 'वात धरला' म्हणून ओवा-सोडा घेत बसू नका. स्त्रियांना व मधुमेहींना छातीत दुखण्याऐवजी नुसता थकवा, मळमळ किंवा धाप असू शकते. घरातील बाईने 'धारा काढून जाऊ' म्हटले तरी ऐकू नका. रुग्णाला चालवू नका, मोटारसायकलवर बसवू नका. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि हृदयाचा आलेख निघेल अशा रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा गुण पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत जास्त येतो.

शेतातले पाणी एक पाळी चुकले तर पुढच्या पाळीची आशा असते. हृदयाचा मेलेला स्नायू मात्र पुन्हा फुटत नाही.