धुराडे का तापते?



गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका भल्या सकाळी माझा फोन वाजला. अमेरिकेत मिशिगन राज्यात स्थायिक झालेला माझा एक जुना विद्यार्थी बोलत होता. आपल्याकडे सकाळ, म्हणजे त्याच्याकडे रात्र.

“सर, माझ्या घरगाडीच्या इंजिनाची धुराची नळी लाल दिसते आहे. अगदी निखाऱ्यासारखी.”

“चढ चढून आलास काय?”

“नाही सर. गाडी दारातच उभी आहे. पंधरा मिनिटे नुसती चालू ठेवली आहे. मुले आत झोपली आहेत. नळीवर पाणी ओतू का?”

“पाण्याचे नाव काढू नकोस. आधी इंजिन बंद कर आणि मुलांना उचलून बाहेर आण. मग बोलू.”

ते बोलणे पुढे महिनाभर चालले. त्या महिन्यात आम्ही गुरुशिष्यांनी मिळून जे शोधले, ते आज तुमच्यापुढे मांडावयाचे आहे. गाडी अमेरिकेतली खरी. पण अग्नीचा कायदा आपल्या विहिरीवरच्या इंजिनालाही तोच लागू आहे.

आधी घरगाडी म्हणजे काय ते सांगतो. एकाच गाडीत बिछाने, स्वयंपाकाचा ओटा, गॅसची टाकी, पाण्याची टाकी आणि पुढे इंजिन. सुट्टीत सारे कुटुंब त्यातच राहते आणि त्यातच फिरते. त्या देशात १९७३ ते १९७८ या काळात निघालेली जीएमसी घरगाडी फार नावाजली. लांबी २३ किंवा २६ फूट, आणि इंजिन आठ सिलिंडरांचे, साडेसात लिटरचे. १९७७ मध्ये त्या जागी ६.६ लिटरचे आले. पन्नास वर्षे होऊन गेली तरी हौशी लोक या गाड्या अजून जपतात. माझ्या विद्यार्थ्याची गाडी दुसऱ्या बनावटीची, पण त्याच काळातली. तिचे इंजिन चालकाच्या व शेजाऱ्याच्या आसनांमध्ये एका झाकणाखाली बसवलेले आहे. म्हणजे नळी तापली की पहिला चटका माणसाच्या पायाला, दुसरा लाकडी तळाला, आणि मग ब्रेकच्या व पेट्रोलच्या नळ्यांना. मागे बिछान्यावर लेकरे. तेव्हा हा केवळ यंत्राचा प्रश्न नाही, हे तुमच्या ध्यानात येईल.

आता नळी लाल होते म्हणजे किती तापते? लोहाराला हे पुस्तकावाचून कळते. भात्यातल्या लोखंडाचा रंग पाहूनच तो घण उचलतो. १८४७ साली न्यूयॉर्कच्या ड्रेपर नावाच्या प्राध्यापकाने प्रयोगाने दाखवले, की घन पदार्थ सुमारे ५२५ अंश सेल्सिअसला अंधारात मंद लाल दिसू लागतो. चेरीसारखा लालभडक रंग आला तर समजावे, की साडेसातशे अंश ओलांडले. जड गाडी लांब चढ चढत असेल तर निरोगी इंजिनाची नळीही मंद लाल होऊ शकते. पण उभ्या गाडीत, विनाकष्टाने ती लाल झाली, तर तो रोगच समजावा. म्हणून आमचा पहिला प्रश्न होता: केव्हा तापते? त्याचे उत्तर फोनवरच मिळाले होते.

ही उष्णता येते कुठून? पेट्रोलच्या इंजिनाचा ढोबळ हिशेब असा. इंधनातल्या उष्णतेचा सुमारे चौथा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची निम्मी उष्णता पाण्यावाटे व अंगावाटे जाते आणि निम्मी धुरावाटे नळीत जाते. कामाचा हिस्सा घटला, तर ती उष्णता नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या वाटेने बाहेर पडते. नळी तापते याचा अर्थ जे जळण सिलिंडरात संपावयाचे, ते नळीत जाऊन संपते आहे.

चुलीचे उदाहरण घ्या. भाकरी तव्यावर असताना जाळ हवा. भाकरी उतरून घेतल्यावर लाकूड भडकले, तर भाकरी कच्ची ती कच्चीच, आणि जाळ मात्र धुराड्यातून वर. इंजिनाचेही तसेच. दट्ट्या वर पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते, कारण जाळ पसरावयास वेळ लागतो. मिनिटाला ३००० फेऱ्या होत असतील तर दट्ट्या वरून खाली यावयास सेकंदाचा शंभरावा भागच लागतो. ठिणगी एवढीशी जरी उशिरा पडली, तरी धुराची झडप उघडते तेव्हा आत जाळ पेटलेलाच असतो. तोच जाळ नळीत शिरतो.

या काळातल्या अमेरिकन गाड्यांची आणखी एक गोष्ट आहे. तिथे १९७० साली हवा स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा झाला. धुरातले विष कमी व्हावे म्हणून कारखान्यांनीच पुष्कळ इंजिनांची ठिणगी मुद्दाम थोडी उशिरा ठेवली; काहींत नळीत हवा फुंकणारा पंप बसवला, की उरलेले इंधन नळीतच जळावे. म्हणजे या गाड्यांची नळी मुळातच तापट. त्यात थोडा बिघाड झाला, की मर्यादा ओलांडलीच.

आमचा दुसरा प्रश्न: कुठे तापते? २०२० च्या साथीत कपाळासमोर धरावयाचे तापमापक तुम्ही पाहिले असेल. तसलेच, पण कारखान्यातले, शेकडो अंश मोजणारे यंत्र आता स्वस्तात मिळते. इंजिन सुरू करून दोन मिनिटांतच, तापाने काही बिघडण्याच्या आत, प्रत्येक सिलिंडराच्या धुराच्या तोंडावर ते रोखावयाचे. चकाकत्या धातूवर ते चुकीचा आकडा दाखवते. गंजलेल्या बिडावर बरे चालते. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. एकच तोंड फार तापले, तर त्या सिलिंडरात बाहेरची हवा शिरत असावी. एक तोंड थंड आणि पुढची नळी गरम, तर त्या सिलिंडरात जाळच लागत नाही आणि कच्चे पेट्रोल पुढे जाऊन जळते. तिथला प्लग व तार पाहावी. एकच बाजू तापली, तर त्या बाजूच्या नळीत अडथळा शोधावा. आणि दोन्ही बाजू सारख्याच तापल्या, तर दोष सर्वांना सामाईक अशा ठिकाणी, म्हणजे ठिणगीच्या वेळेत, पेट्रोल-हवेच्या मिश्रणात किंवा मागच्या सायलेन्सरात असणार. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीच्या दोन्ही बाजू सारख्याच तापत होत्या.

तोवर त्याने काय केले होते, ठाऊक आहे? पायाला धग लागते म्हणून नवा रेडिएटर बसवला होता आणि नळीला काचतंतूंची पट्टी गुंडाळली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पाण्याचा काटा पहिल्यापासून जागेवर होता. रेडिएटराचा यात काही अपराधच नव्हता. पट्टीने तर उष्णता आतच कोंडली गेली, आणि जुने बीड अशाने तडकते. तडक गेली की विषारी धूर आसनाखाली येतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. नळीवर पाणी ओतू नको म्हटले तेही याचसाठी. तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतले तर काय होते, हे कोणतीही गृहिणी सांगेल.

आता तिसरी पायरी, परीक्षेची. यासाठी एक साधे घड्याळ लागते. इंजिन हवा किती जोराने आत ओढते, ते त्यावर कळते. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन मंद चालत असता काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. इंजिन २५०० फेऱ्यांवर धरून ठेवले असता काटा हळूहळू खाली उतरत गेला, तर सायलेन्सर किंवा नळी आतून तुंबली आहे. दुपदरी नळीचा आतला पदर कोसळला, तर बाहेरून काहीच दिसत नाही. हे घड्याळ मात्र सांगते. काटा स्थिर पण खालच्या आकड्यावर राहिला, तर ठिणगी उशिरा पडते आहे, किंवा कुठून तरी हवा शिरते आहे. हवा शिरते का ते पाहावयास कार्बुरेटरच्या खालच्या जोडांवर साधे पाणी फवारावे. इंजिनाचा आवाज बदलला, तर तिथे गळती आहे. यासाठी पेट्रोल कधीही वापरू नये.

मिश्रणाबद्दलही एक शब्द. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. अमेरिकेत बहुधा १० टक्के. आपल्याकडे, जिथे उसापासूनही ते बनते, हे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, म्हणून जुन्या कार्बुरेटरमधून जाणारे मिश्रण जरा पातळ पडते. एवढ्याने एकट्याने नळी लाल होत नाही, पण दुसऱ्या दोषाला भर पडते.

त्याच्या घड्याळाचा काटा १४ वर स्थिर. गळती कुठे सापडेना. मी म्हटले, “ठिणगीची वेळ पाहा.” तो म्हणाला, “सर, कारागिराने दिवा लावून बसवली आहे. खुणेप्रमाणे आठ अंश आधी. अगदी बरोबर.”

आता पाहा, खूण असते इंजिनाच्या पुढच्या चाकावर. त्या चाकाच्या मध्यभागात आणि बाहेरच्या कड्यात रबर असते. पन्नास वर्षांत रबर सैल पडते आणि कडे सरकते. खूणही त्याबरोबर सरकते! दिवा खरा, कारागीर खरा, आणि खूणच खोटी.

ती तपासावयाची रीत भूमितीच्या तासाला शोभेल अशी आहे. बॅटरीची तार काढावी. सगळे प्लग काढावे आणि पहिल्या सिलिंडरात दट्ट्याला थोडे अलीकडे अडवील असा बोथट अडसर बसवावा. चाक हाताने एका बाजूला अडेपर्यंत फिरवून स्थिर काट्यासमोर कड्यावर खडूची रेघ मारावी. मग उलट फिरवून दुसरी. दोन रेघांच्या बरोबर मध्यावर दट्ट्याचे खरे शिखर. त्याने रेघा मारल्या आणि पाहिले, की खूण बारा अंश सरकलेली. म्हणजे ठिणगी आठ अंश आधी नव्हे, तर शिखरानंतर चार अंशांनी पडत होती!

त्याने नवे चाक बसवले आणि ठिणगीची वेळ पुन्हा लावली. काटा १८ वर गेला. पट्टी काढून नळीला तडा नाही याची खात्री करून घेतली. त्या रात्री अंधारात बसून त्याने अर्धा तास नळी पाहिली. ती काळीच राहिली.

शेतकरी बंधूंनो, तुमच्या डिझेल इंजिनाला ठिणगी नाही, पण इंधनाची फवारणी उशिरा झाली, हवेची जाळी धुळीने बुजली किंवा ओझे अति झाले, की त्याचाही सायलेन्सर असाच तापतो आणि काळा धूर ओकतो. त्यावर ओले पोते टाकू नका. आधी जाळी काढून झटका. बंद खोलीत इंजिन चालवू नका. आणि शिक्षकबंधूंनो, उष्णतेचा पाठ शिकवताना मुलांना हा एकच प्रश्न विचारा: उष्णता नाहीशी होत नाही, मग ती गेली कुठे? केव्हा तापते, कुठे तापते, आणि ज्या खुणेवर आपण विसंबलो ती तरी खरी आहे का, एवढे विचारावयास मूल शिकले, तर तुमचा पाठ साधला असे समजा.