लांब केसांचा खटला

मनुष्याच्या देहावर केसांइतकी निरुपद्रवी वस्तु दुसरी नसेल. ते कापले तर दुखत नाहींत, वाढले तर शेजाऱ्यास टोंचत नाहींत. आणि तरीहि ज्या गोष्टींवरून समाजानें माणसांस वाळींत टाकलें, दंड केला, तुरुंगाची वाट दाखविली, त्यांत केसांचा क्रमांक बराच वरचा लागेल. आमच्या वाचकांस हें नवें वाटण्याचें कारण नाहीं. घेरा आणि शेंडी यांवरून बापलेकांत अबोला पडला, अशीं घरें एके काळीं आपल्यांत थोडीं नव्हतीं. परंतु कांहीं वादकांनीं केस कापण्याचें नाकारून आपल्या मनाजोगतें वाजविण्याचा हट्ट धरावा, तेवढ्यावरून एका अख्ख्या राजसत्तेनें त्यांस शत्रु मानावें, आणि पुढें त्याच प्रकरणांतून त्या सत्तेच्या भिंतीला तडा जावा, ही हकीकत फारशी कोणाच्या परिचयाची नसेल. ती आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

देश चेकोस्लोव्हाकिया. १९९३ सालीं त्याचीं दोन राज्यें झालीं; पण आम्ही सांगतों तो काळ त्यापूर्वींचा, म्हणजे १९४८ पासून तेथें कम्युनिस्ट पक्षाची अनियंत्रित सत्ता होती तेव्हांचा. १९६० नंतर इंग्लंडमधील बीटल्स मंडळींचीं गाणीं चोरट्या वाटेनें तिकडे पोंचलीं, आणि गाण्यांमागून त्यांचे केसहि पोंचले. प्रागमधील तरुण मुलें कानांवर, मानेवर केस रुळवूं लागलीं. लोकांनीं अशा मुलांचें नांव ठेविलें 'मानिचका'. हें वास्तविक मुलीचें लाडकें नांव. आपल्याकडे लांब केसांच्या मुलास "बायकी" म्हणून हिणवीत, त्यांतलाच हा प्रकार. येथवर गोष्ट थट्टेची होती. पुढें मात्र ती सरकारी दप्तरांत शिरली.

१९६४ सालीं मोस्ट व लिटव्हिनोव ह्या गांवांच्या वाहतुकीच्या नियमांत, लांब केसांचे उतारू इतरांस किळस आणतात म्हणून त्यांस गाडींत घेऊं नये असें ठरलें. दोन वर्षांनीं पोड्येब्राडी गांवच्या पालिकेनें अशा मुलांस नाट्यगृहें, सभागृहें बंद केलीं. १९६६ च्या उन्हाळ्यांत तर पक्षानेंच देशभर मोहीम उघडली. सुमारें चार हजार तरुणांचे केस त्या वर्षीं जबरदस्तीनें कापण्यांत आले; कित्येकांचे तर पोलीस कोठडींत, शिपायांच्या देखरेखीखालीं. त्यावर शंभरांहून अधिक तरुण प्रागच्या रस्त्यांवर आले आणि "आमचे केस परत द्या", "न्हावी चालते व्हा" अशा घोषणा देऊं लागले. घोषणा ऐकून हंसूं येतें; पण त्या देणाऱ्यांपैकीं कांहींजणांस तुरुंगाची शिक्षा झाली, हें कळल्यावर तें हंसूं ओंठांवरच विरतें.

एवढ्या बलाढ्य सरकारास चार हजार पोरांच्या केसांची भीति कां वाटावी? आम्हांस वाटतें कीं, ती केसांची नव्हतीच. ज्या राज्यांत छापखाना, शाळा, कारखाना, सभा, सर्व कांहीं सरकारच्या हातीं असतें, तेथें मनुष्याच्या स्वतःच्या हातीं उरतें तें फार थोडें. डोक्यावरचे केस हें अशा थोड्या उरलेल्या वतनांपैकीं एक. तें मीच सांभाळीन, असें कोणी न बोलतां नुसत्या दिसण्यानें सांगूं लागला, कीं हुकूम देण्याची संवय झालेल्या सत्तेस तें भाषण फार मोठ्यानें ऐकूं येतें.

२१ ऑगस्ट १९६८ रोजीं प्रागची पहांट रशियन रणगाड्यांच्या खडखडाटांत उजाडली. त्यानंतर अवघ्या महिन्याभरांत, सप्टेंबरमध्यें, मिलान ह्लावसा नांवाच्या सतरा वर्षांच्या मुलानें कांहीं सोबती जमवून एक वाद्यवृंद काढिला. अमेरिकन संगीतकार फ्रँक झापा याच्या एका गाण्यावरून त्यांनीं नांव घेतलें 'प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स'. कलेचा इतिहास शिकलेला इव्हान यिरोउस हा लौकरच त्यांचा मार्गदर्शक बनला.

नवी राजवट स्थिर होतांच कलावंतांची झाडाझडती सुरू झाली. वाजवून पोट भरावयाचें तर सरकारी परवाना हवा. परवान्यासाठीं परीक्षा हवी. आणि परीक्षेस बसणाऱ्या वृंदांनीं इंग्रजी नांवें टाकावींत, गाणीं निवडून घ्यावींत व केस कापावेत, अशी अपेक्षा असे. पुष्कळांनीं तें मानलें. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. घरीं चूल पेटवावयाची असते. ह्या मंडळींनीं मानलें नाहीं. १९७० सालीं त्यांचा परवाना गेला. परवान्याबरोबर सरकारी वाद्यें गेलीं, तालमीची जागा गेली.

त्यानंतरचीं त्यांचीं वर्षें मोठीं चमत्कारिक आहेत. जुन्या रेडिओंचे भाग जोडून त्यांनीं स्वतःच ध्वनिवर्धक तयार केले. उघड जलसा करण्यास बंदी. म्हणून ते लग्नांत वाजवीत, कारण लग्न ही खासगी बाब. एकदां तर यिरोउसनें अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल याच्यावर व्याख्यान जाहीर केलें, थोडा वेळ चित्रें दाखविलीं, आणि मग विषयाचें 'स्पष्टीकरण' म्हणून मंडळींनीं मनसोक्त वाजवून घेतलें. १९७२ मध्यें व्रातिस्लाव ब्राबेनेत्स हा सॅक्सोफोनवादक त्यांस मिळाला. तो येतांना अट घालूनच आला, कीं परक्यांचीं गाणीं आतां पुरे. आपलीं गाणीं आणि आपल्या चेक भाषेंतच गावयाचीं. स्वभाषेच्या अभिमानानें परदेशी अनुकरणास लगाम घातला तो असा, सरकारच्या हुकुमानें नव्हे, तर एका लांब केसांच्या वादकाच्या आग्रहानें.

वाजविणाऱ्यांप्रमाणेंच ऐकणाऱ्यांचीहि धडगत नव्हती. मार्च १९७४ मध्यें दक्षिणेकडील एका खेड्यांत त्यांचें वादन व्हावयाचें होतें. दुरून आलेल्या श्रोत्यांस पोलिसांनीं लाठ्यांनीं झोडपून आगगाडींत घालून परत धाडलें, आणि पुष्कळ विद्यार्थ्यांचीं नांवें शाळांतून काढण्यांत आलीं. फेब्रुवारी १९७६ मध्यें बोयानोव्हित्से गांवीं यिरोउसच्या लग्नानिमित्त मोठा जलसा झाला. आणि पुढच्याच महिन्यांत सरकारनें जाळें टाकिलें. वादक, गायक, त्यांचे स्नेही असे अनेकजण पकडले गेले.

सप्टेंबर १९७६ मध्यें प्राग येथें चौघांचा खटला चालला. आरोप केसांचा नव्हता. दंगेखोरपणाचा आणि गीतांतील असभ्य शब्दांचा होता. यिरोउसला अठरा महिने, पावेल झायीचेकला बारा महिने, आणि ब्राबेनेत्स व स्वाटोप्लुक कारासेक यांस प्रत्येकीं आठ महिने शिक्षा झाली. कारासेक हा ख्रिस्ती धर्मोपदेशक व गीतकार होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सरकारी वृत्तपत्रें मात्र ह्या सर्वांस व्यसनी, असभ्य, केसाळ गुंड म्हणून रंगवीत होतीं. आणि सभ्य गृहस्थांस तें सहज पटतहि होतें.

ह्या ठिकाणीं हकीकतीस वळण मिळालें तें एका नाटककारामुळें. व्हात्स्लाव हावेल हा सुखवस्तु घराण्यांतला, सुविद्य लेखक. ह्या मंडळींविषयीं त्यानें जें ऐकिलें होतें तें बहुतेक वाईटच. १९७६ च्या आरंभीं त्याची व यिरोउसची भेट झाली. पुढें त्या भेटीची आठवण सांगतांना खांद्यांपर्यंत केस रुळणारा यिरोउस आणि तेथें येजा करणारे तसलेच इतर केसाळ लोक ह्यांचें चित्र त्यानें रेखाटलें आहे. यिरोउसनें टेपवर त्यास गाणीं ऐकविलीं. त्या ओबडधोबड स्वरांत हावेलला खरेपणा आढळला. आणि खटला उभा राहिला तेव्हां तो न्यायालयाच्या दाराशीं हजर होता.

हावेलनें त्या वेळीं जें ओळखलें, तें आमच्या मतें ह्या सर्व हकीकतीचें सार आहे. प्रसिद्ध विरोधकांस तुरुंगांत धाडलें तर तो दोन राजकीय पक्षांमधला झगडा ठरतो. परंतु ज्यांस सत्ता नको, खुर्ची नको, ज्यांस केवळ आपल्या रीतीनें राहावयाचें व वाजवावयाचें आहे, त्यांस जर तुरुंगांत घालतां येतें, तर मग कोणाचेंच घर सुरक्षित नाहीं. ह्या जाणिवेनें, एरवीं एकमेकांशीं न पटणारे प्राध्यापक, पाद्री, माजी मंत्री, लेखक एकत्र आले. १ जानेवारी १९७७ ह्या तारखेचें 'चार्टर ७७' हें निवेदन त्यांतून निघालें. प्रथम सुमारें २४० जणांनीं त्यावर सह्या केल्या. सरकारनें स्वतःच मान्य केलेले नागरिकांचे हक्क सरकारनें पाळावे, एवढीच त्यांतील मागणी. तिची किंमत जबर होती. चार्टरच्या तीन प्रवक्त्यांपैकीं यान पातोच्का हा एकोणसत्तर वर्षांचा तत्त्वज्ञ. पोलिसांच्या प्रदीर्घ चौकशीनंतर तो आजारी पडला व १३ मार्च १९७७ रोजीं वारला. हावेलनें अनेक वर्षें तुरुंगांत काढिलीं. परंतु १९८९ च्या नोव्हेंबरांत ती राजवट कोसळली, आणि २९ डिसेंबर रोजीं तोच हावेल राष्ट्राध्यक्ष झाला.

वादकांचें पुढें काय झालें? ब्राबेनेत्सला देश सोडून कॅनडास जावें लागलें. पॉल विल्सन हा मूळचा कॅनडाचा. १९७० ते १९७२ तो ह्या वृंदांत गात असे. १९७७ सालीं त्यास देशाबाहेर काढण्यांत आलें, आणि पुढें हावेलचे ग्रंथ इंग्रजींत नेण्याचें मोठें काम त्यानेंच केलें. १९९७ सालीं, चार्टरच्या विसाव्या वर्षाच्या निमित्तानें, हे विखुरलेले वादक हावेलच्या सूचनेवरून पुन्हा एकत्र आले व प्रागच्या राजवाड्यांत त्यांचें वादन झालें. ह्लावसा २००१ मध्यें वारला, यिरोउस २०११ मध्यें. मागें वळून पाहतांना ह्लावसानें एक गोष्ट पुनःपुन्हा सांगितली आहे: राज्य उलथावें असें कधीं त्यांच्या मनांतहि नव्हतें, त्यांस फक्त आपलें संगीत वाजवावयाचें होतें. वीरपणाची झूल अंगावर चढवून घेण्याची सोन्यासारखी संधि असतांना त्यानें ती घेतली नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें.

हा रोग कम्युनिस्ट राज्यांपुरताच होता असें मात्र कोणीं समजूं नये. त्याच सुमारास सिंगापुरांत, लांब केसांच्या पुरुषांचें काम सर्वांत शेवटीं केलें जाईल, अशा पाट्या सरकारी कचेऱ्यांत झळकत होत्या. आणि १९७२ सालीं एका नामांकित इंग्रज वाद्यवृंदाचा तेथील कार्यक्रम वादकांच्या केसांपायीं रद्द झाला. उलट एकोणिसाव्या शतकांत हंगेरीचा पियानोवादक फ्रांझ लिस्ट खांद्यांपर्यंत केस सोडून वाजवावयास बसे, तेव्हां युरोपांतील खानदानी स्त्रीपुरुष त्यावर लुब्ध होत. केस तेच, बदलली ती पाहणाऱ्याची दृष्टि.

आतां आपल्या घराकडे पाहूं. केस कापण्याचा जुलूम आपण परक्यांकडून शिकलों नाहीं. पति गेल्यावर कोंवळ्या वयाच्या मुलीस न्हाव्यापुढें बसविणारीं घरें आपलींच होतीं, आणि त्या मुलीची संमति कोणी विचारीत नसे. आगरकरांनीं ह्या केशवपनाविरुद्ध लेखणी झिजविली, आणि त्यापायीं स्वजनांचा रोष पत्करला. १८९० सालीं मुंबईंतील नाभिक बांधवांनीं सभा भरवून विधवांचे केस न कापण्याचा ठराव केला, ही गोष्ट तर सुवर्णाक्षरांनीं लिहिण्याजोगी आहे. प्रागच्या पोरांनीं "न्हावी चालते व्हा" म्हटलें; आमच्या मुंबईंत वस्तरा हातीं असणारेच म्हणाले, कीं हा वस्तरा ह्या कामीं आम्ही चालविणार नाहीं. सुशिक्षितांस जें सुचावयास हवें होतें, तें अशिक्षित म्हणविणाऱ्यांस आधीं सुचलें.

आणि ज्या आजोबांनीं तरुणपणीं शेंडी कापून वडिलांची बोलणीं खाल्लीं, त्यांतलेच कित्येक १९७० च्या सुमारास नातवाच्या कानांवर आलेले केस पाहून "हिप्पी" म्हणून ओरडत होते! स्वतःस लागलेल्या ठेंचेची स्मृति मनुष्यास किती लौकर सोडून जाते, याचें हें घरगुती उदाहरण.

वडिलांनीं मुलास कांहींच सांगूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. नीटनेटकेपणा शिकविणें, नापसंती दाखविणें, थट्टासुद्धां करणें, हा घरचा हक्क आहे व तो राहावा. परंतु उपदेश आणि कात्री यांत अंतर आहे. उपदेश ऐकणाऱ्यास 'नाहीं' म्हणण्याची सोय असते. कात्रीपुढें ती नसते. ही सोय घरांत ठेविली, तरच घरांतलीं मुलें पुढें बाहेरच्या जुलमास 'नाहीं' म्हणावयास शिकतील.

ह्या मंडळींचें संगीत आमच्या कानांस रुचेलच असें नाहीं. ख्याल-ठुमरीवर पोसलेल्या श्रोत्यास तें कर्कश वाटण्याचाच संभव अधिक. त्यांच्या गीतांतील शब्दहि चारचौघांत उच्चारण्यासारखे सारेच नसतील. पण हावेलनें तरी कोठें त्यांची आवड आपली करून घेतली होती? आपल्यासारखा जो दिसतो, आपल्यासारखें जो बोलतो, त्याच्या बाजूनें उभें राहण्यास फारसें धैर्य लागत नाहीं. जो आपल्यासारखा नाहीं, ज्याचें दर्शनहि आपणांस थोडें खटकतें, त्याच्या केसालाहि धक्का लागूं नये म्हणून जो न्यायालयाच्या दाराशीं जाऊन उभा राहतो, त्याच्या सुशिक्षितपणाला अर्थ आहे.