माहूरगड : एका सीमावर्ती नगराचें दर्शन

धर्माबादेहून भोकर-किनवटच्या वाटेनें आम्ही माहुरास प्रथम गेलों तेव्हां इतर यात्रेकरूंप्रमाणें रेणुकामातेचें व दत्तशिखराचें दर्शन घेऊन परतलों. गड पाहिला नाहीं. अध्यापनाच्या कामांतून मोकळे झाल्यावर पुन्हां गेलों तें मात्र गड पाहण्याच्याच हेतूनें. त्या वेळीं मनांत ठसलें तें असें कीं, माहूर जितकें क्षेत्र आहे तितकेंच तें सीमेवरचें मध्ययुगीन नगर आहे, व एक अंग सोडलें तर दुसरें नीट उमगत नाहीं.

प्रथम स्थानाचा विचार करूं. पैनगंगेनें या डोंगराला तीन बाजूंनीं वळसा घातला आहे. नदीपलीकडे वऱ्हाड, अलीकडे दक्षिणेस तेलंगण. डोंगराच्या शेजारशेजारच्या दोन सोंडा तटानें वेढून मध्यें तलाव राखला आहे. पूर्वपश्चिमेस सुटलेले कडे असल्यामुळें तटबंदीचा मुख्य भार दक्षिणोत्तर बाजूंवर पडला. वऱ्हाडांतून तेलंगणांत उतरणाऱ्या वाटेवर असें स्थळ ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं ती वाट.

इतिहास याचीच साक्ष देतो. बहमनी वजीर महमूद गवान याचा इ. स. १४८१ मध्यें वध झाला. त्यापूर्वीं त्यानें वऱ्हाडचे गाविल व माहूर असे दोन सुभे पाडले होते. अकबराच्या कारकीर्दींतील ऐन-इ-अकबरींत माहूर ही वऱ्हाड सुभ्याची एक सरकार म्हणून नोंदली आहे. १६२३ मध्यें बापाविरुद्ध उठलेला शाहजादा खुर्रम कुतुबशाही मुलुखांत उतरला तो माहुरावरूनच, व जड सामान आणि हत्ती त्यानें येथें उदाजीरामाच्या हवालीं केले. याच उदाराम घराण्यांतील सावित्रीबाई ऊर्फ रायबागन १६६१ मध्यें उंबरखिंडींत कारतलबखानाबरोबर होती. शिवरायांस शरण जाण्याचा सल्ला तिनें खानास दिल्याचा प्रसंग परमानंदाच्या शिवभारतांत आला आहे.

ज्या वाटेनें लष्करें गेलीं त्याच वाटेनें साधकही आले. महानुभावांच्या परंपरेंत चांगदेव राउळांस दत्तात्रेयांचें दर्शन झालें तें माहुरीं. दासोपंतांची तपश्चर्याही येथेंच मानतात. मराठी, तेलुगु व कानडी बोलणारे भक्त आजही एकाच पायऱ्या चढतात.

आतां नांवाविषयीं. संस्कृत ग्रंथकार ‘मातापुर’ लिहितात. तकार व पकार लोपून ‘माऊर’ व मध्यें हकार येऊन ‘माहूर’ होणें प्राकृताच्या नियमांशीं विसंगत नाहीं. तथापि आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही लातुराचें उदाहरण देत असूं. प्राचीन लेखांत राष्ट्रकूट स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवितात. तेथें ‘ऊर’ असतांना पुढें ‘पुर’ निराळें जोडलें आहे. अर्थात् तें ‘ऊर’ म्हणजे गांव हा द्राविडी शब्द होय. सीमेवरच्या गांवाचें नांव दोन्ही भाषांच्या कसोटीवर घासलें पाहिजे. नियमानें शक्य तें सर्व घडलेंच असें नव्हे. जुन्या लेखाचा आधार मिळेपर्यंत व्युत्पत्ति हें अनुमानच.

१९५६ च्या प्रांतरचनेंत किनवट तालुका, व त्याबरोबर माहूर, आदिलाबाद जिल्ह्यांतून नांदेडांत आलें. त्याच वेळीं आमच्या शेजारचीं मुधोळ व भैंसा आदिलाबादेकडे गेलीं, धर्माबाद मात्र नांदेडांतच राहिलें. सीमा अशा हलतात. त्यांच्याबरोबर दप्तरेंही दोन्हीकडे विखुरतात आणि गांवाची आठवण दुभंगते. ज्यांच्या घरीं या प्रदेशाच्या जुन्या सनदा, महजर वा पत्रें असतील, त्यांनीं त्यांच्या नकला तरी करून ठेवाव्यात. आणि माहुरास जाणाऱ्या यात्रेकरूनें परततांना एक प्रहर गडास द्यावा, इतकीच आमची विनंति.